पाहुण्याचा कागद आणि आश्रयाचें गांव

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



 सुवर्णमहोत्सवाच्या दिवशीं मागील पन्नास वर्षांचा हिशेब मांडावा, कोणीं काय बांधलें, कोणीं किती दिलें, बाप्तिस्मे किती झाले व विवाह किती लागले हें वाचून दाखवावें, अशी चाल आहे. आणि तें काम या पुस्तिकेच्या इतर पानांवर योग्य हातांनीं झालेलें आहे. आम्हांस जो विषय मांडावयाचा आहे तो निराळा आहे. ज्यांचीं नांवें आपल्या वह्यांत आहेत त्यांच्याविषयीं पुष्कळ बोलून झालें. ज्यांचीं नांवें या गांवच्या कोणत्याच वहींत नाहींत, अशा माणसांविषयीं आज आम्ही चार शब्द बोलणार आहों.

हा विषय महोत्सवाला सोडून आहे असें कोणीं समजूं नये. 'जुबिली' हा शब्द ज्या हिब्रू शब्दावरून आला त्याचा अर्थ मेंढ्याचें शिंग असा आहे. पन्नासाव्या वर्षीं तें शिंग फुंकलें म्हणजे ज्याची जमीन गेली असेल त्यानें आपल्या वतनावर परत यावें, आणि जो कर्जापायीं दुसऱ्याच्या घरीं राबत असेल त्यानें आपल्या कुळांत परत जावें, असा नियम जुन्या करारांतील लेवीय ग्रंथांत सांगितला आहे. घर सुटलेल्या माणसाची आठवण करावी म्हणूनच ही जुबिली प्रथम नेमली गेली. तेव्हां आपल्या दोन तालुक्यांत घर सोडून आलेलीं माणसें कोण आहेत, हें आजच्या दिवशीं विचारणें प्राप्त आहे.

जुन्नर व आंबेगांव हे आज पाण्याचे तालुके म्हणून ओळखले जातात. येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे आणि डिंभें हीं कुकडी प्रकल्पाचीं पांच धरणें याच भागांत आहेत. धरणांमागून कालवे आले, कालव्यांमागून ऊंस आला, आणि उंसामागून कारखाने आले. जुन्नर तालुक्यांत शिरोलीजवळ निवृत्तीनगर येथें विघ्नहर सहकारी साखर कारखाना आहे, आणि आंबेगांव तालुक्यांत पारगांवच्या बाजूस दत्तात्रयनगर येथें भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. ऊंस वाढवावयास पाणी पुरतें. तो तोडावयास माणसें लागतात, आणि तीं माणसें बहुतेक बाहेरचीं असतात. दसरा-दिवाळी उलटली म्हणजे बीड, अहिल्यानगर, जालना, जळगांव, नंदुरबार अशा जिल्ह्यांतून टोळ्या निघतात. नवरा व बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत कोयता खालीं ठेवतां येत नाहीं. उंसाच्या फडाजवळ पाचटाची कोपी घालून चार-पांच महिने संसार चालतो. कोपीला दार नसतें. रात्रीं उंसांतून बिबट्या फिरतो हें जुन्नरच्या माणसाला सांगावयास नको. त्या कोपींत तान्हीं मुलें निजलेलीं असतात.

ऊंसतोड करणारे तेवढेच परके आहेत असेंहि नाहीं. नारायणगांवीं पहाटे मजुरांचा बाजार भरतो, आणि टोमॅटो, कांदा, द्राक्षें यांच्या कामासाठीं शेतकरी तेथून माणसें घेऊन जातात. त्यांत आपल्याच तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगरांत राहणारे महादेव कोळी व ठाकर बांधव असतात. बांधकामावर व वीटभट्ट्यांवर उत्तरेकडून व पूर्वेकडून आलेले तरुण असतात. एकाच तालुक्यांत सह्याद्रीच्या कड्यावरून बागायतींत उतरलेला माणूसहि परका ठरावा, ही मोठ्या नवलाची गोष्ट होय. घोड नदीवर डिंभ्याचें धरण झालें तेव्हां जुनें आंबेगांव पाण्याखालीं गेलें. ज्या तालुक्याचें नांवच एका बुडालेल्या गांवावरून चालत आलें आहे, त्या तालुक्याला घर सुटणें म्हणजे काय हें आम्हीं काय समजावून सांगावें?

आतां कागदाकडे वळूं. मनुष्य आपल्या गांवीं असतो तेव्हां त्याला कागदाची गरज फारशी पडत नाहीं. तो कोणाचा कोण हें शेजारी सांगतो, पाटील सांगतो, दुकानदारहि सांगतो. परगांवीं त्याच्या बाजूनें बोलणारें कोणी नसतें, म्हणून तेथें कागदाला बोलावें लागतें. आणि दुर्दैव असें कीं, ज्याला कागद अधिक लागतो त्याच्यापाशींच तो कमी असतो. शिधापत्रिका गांवीं म्हाताऱ्या आईजवळ ठेवलेली असते; मुलाचा दाखला गांवच्या शाळेंत असतो; मोबाइलचा नंबर बदललेला असतो; आणि कोयता व पाचट यांनीं घासलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहींत. बिबट्यानें वा अपघातानें कोणी दगावलें तर भरपाई मागावयासहि वारस कोण हें कागदानेंच सिद्ध करावें लागतें.

आमच्या पाहण्यांतील एक गोष्ट सांगतों. हंगामांत आलेल्या एका कुटुंबांतील नऊ वर्षांची मुलगी जवळच्या एका शाळेंत नेली असतां, 'शाळा सोडल्याचा दाखला आणा, मग बघूं,' असें उत्तर मिळालें. दाखला तीनशें किलोमीटरवर होता. मुलगी कोपींत राहिली व धाकट्या भावाला सांभाळूं लागली. वास्तविक मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आहे, आणि दाखला येण्यास उशीर झाला म्हणून किंवा वयाचा पुरावा नाहीं म्हणून मुलाचा प्रवेश अडवूं नये असें त्यांत स्पष्ट सांगितलें आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांना महाराष्ट्र शासनाचें शिक्षण हमी कार्डहि मिळतें. नियम होता; पण तो नियम त्या दारीं जाऊन सांगणारा कोणी नव्हता. पुढें दोन माणसें त्या आईबापांबरोबर गेलीं, तेव्हां ती मुलगी वर्गांत बसली. कागद पुरेसा नसतो, त्याच्या जोडीला माणूस लागतो, हें आमच्या सांगण्याचें अर्धें सार येथेंच आलें.

हा प्रश्न एकट्या आपल्या देशाचा नव्हे. अमेरिकेंत दुसऱ्या देशांतून आलेले लक्षावधि लोक योग्य परवान्यावांचून राहतात. त्यांतील कित्येकांस बँकेंत खातें उघडतां येत नसे, म्हणून मजुरी रोख जवळ बाळगावी लागे, व ही गोष्ट चोरांना ठाऊक असे. लुबाडलेला मनुष्य पोलिसांकडे जावयास भीत असे, कारण तेथें पहिला प्रश्न 'तूं कोण?' हाच यावयाचा. ही अवस्था पाहून न्यू हेवन या शहरानें २००७ सालीं सर्व रहिवाशांसाठीं नगराचें ओळखपत्र काढलें. २००९ सालीं सॅन फ्रान्सिस्कोनें व २०१५ सालीं न्यूयॉर्कनें तसेंच केलें. या पत्राचें मर्म असें कीं, हा मनुष्य कोणत्या देशाचा आहे हें तें सांगत नाहीं. तो या शहरांत राहतो एवढेंच सांगतें. श्रीमंत, गरीब, नागरिक, परदेशी, सर्वांना एकच पत्र; त्यामुळें तें हातीं असणें ही परकेपणाची खूण ठरत नाहीं.

याच्या जोडीला आश्रयाचीं धोरणें झालीं. १९७९ सालीं लॉस एंजेलिसच्या पोलिसांना हुकूम मिळाला कीं, एखाद्याचा परवाना तपासण्याच्या एकट्या हेतूनें त्याची चौकशी सुरू करूं नये. मध्य अमेरिकेंतील यादवीमुळें पळून आलेल्या लोकांस १९८२ सालीं ॲरिझोना प्रांतांतील टूसान येथील एका प्रेस्बिटेरियन मंडळीनें उघडपणें आपल्या मंदिरांत आसरा दिला, व पुढें अनेक पंथांचीं मंदिरें त्यांत सामील झालीं. १९८९ सालीं सॅन फ्रान्सिस्कोनें आपणांस आश्रयाचें नगर म्हणविणारा कायदा केला. या धोरणांवर तेथें मोठा वाद आहे. देशांत कोणीं यावें हें ठरविण्याचा अधिकार राष्ट्राचा आहे, शहराचा नव्हे, असें एक पक्ष म्हणतो, व त्यांत तथ्य आहे. दुसरा पक्ष म्हणतो कीं, साक्षीदार पोलिसांकडे येण्यास, आजारी मनुष्य दवाखान्यांत जाण्यास व मूल शाळेंत जाण्यास भिऊं लागलें तर त्याचा तोटा सगळ्या शहरालाच होतो; यांतहि तथ्य आहे.

आपल्या देशांतील स्थिति निराळी आहे, आणि हा भेद नीट ध्यानांत धरला पाहिजे. बीडहून जुन्नरास आलेला मनुष्य परदेशी नाहीं. भारताच्या राज्यघटनेच्या १९ व्या कलमानें प्रत्येक नागरिकास देशभर फिरण्याचा व कोठेंहि राहण्याचा हक्क दिला आहे. त्याला आपण आश्रय देतों असें म्हणणेंसुद्धां एका अर्थीं चूक होईल. तो स्वतःच्या घरांतच आहे. तथापि हक्क घटनेंत असला तरी धान्य दुकानांत असतें, आणि या दोहोंमधील वाट कागदावरून जाते.

ती वाट सुकर करण्याचे यत्न झाले आहेत. आपल्या महाराष्ट्रांतील नंदुरबार जिल्ह्याच्या टेंभली गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिलें आधार दिलें गेलें. २०१६ च्या आधार कायद्यानें हा क्रमांक रहिवाशाला मिळतो, आणि रहिवासी म्हणजे मागील बारा महिन्यांत १८२ दिवस वा अधिक भारतांत राहिलेला. त्याच कायद्याच्या ९ व्या कलमांत म्हटलें आहे कीं, हा क्रमांक नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नव्हे. वर सांगितलेल्या नगरपत्राशीं त्याचें नातें कोठें जुळतें व कोठें तुटतें हें यावरून कळेल. दोन्ही पत्रें राहणाऱ्याची ओळख देतात. पण आधारावर पत्ता मूळ गांवचा असतो, आणि जेथें मनुष्य वर्षाचे पांच महिने घाम गाळतो त्या गांवाचें नांव त्यावर येत नाहीं.

धान्याची गोष्ट त्याहून आशादायक आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांतील दर माणशीं दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य ठरविलें, आणि १ जानेवारी २०२३ पासून तें मोफत झालें. ऑगस्ट २०१९ मध्यें महाराष्ट्र व गुजरात यांच्यामध्यें एकमेकांच्या शिधापत्रिका चालूं लागल्या, व पुढें तीच योजना देशभर पसरली. २०२० च्या टाळेबंदींत रस्त्यांनीं पायीं चाललेले मजूर आपण सर्वांनीं पाहिले. त्यानंतर २९ जून २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें उरलेल्या राज्यांस ही योजना ३१ जुलैपर्यंत लागू करण्याचा आदेश दिला. आज शिधापत्रिका गांवीं राहिली तरी तिचा क्रमांक व अंगठा यांवर मजुराला येथील दुकानांत आपला वाटा उचलतां येतो, आणि उरलेला वाटा गांवीं राहिलेलीं माणसें उचलूं शकतात. हें कित्येक टोळ्यांस ठाऊक नसतें. आणि ठाऊक असलें तरी अनोळखी दुकानदारापुढें उभें राहण्याचा धीर होत नाहीं.

ऊंसतोड कामगारांसाठीं लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें कल्याणकारी महामंडळ झालें आहे, व कामगारांनीं आपल्या गांवच्या ग्रामसेवकाकडे नोंद करून ओळखपत्र घ्यावें अशी तजवीज शासनानें २०२१ सालीं केली. तें पत्र मिळाल्यानें, कारखान्याच्या वहींत केवळ एक 'कोयता' म्हणून मोजला जाणारा मनुष्य नांवानिशीं कामगार ठरतो. त्यांतहि विशेष हें कीं, बायकोचें नांव स्वतंत्र लिहिलें जाऊं शकतें. कोयत्याच्या हिशेबांत ती अर्धी असते, व उचल बहुधा नवऱ्याच्या हातीं पडते.

परंतु बंधूंनो, कागद हा सदैव कल्याणाचाच असतो असें आम्ही म्हणत नाहीं. याच महाराष्ट्रांत कागद बेडीहि झालेला आहे. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यायोगें कित्येक जमातींतील माणसें जन्मानेंच गुन्हेगार लेखलीं गेलीं. त्यांचीं नांवें नोंदलीं गेलीं, त्यांना हजेरी द्यावी लागे, व गांव सोडावयास परवाना लागे. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. पण पालावर राहणाऱ्या आपल्या पारधी बांधवांकडे पाहण्याची दृष्टि कायद्याबरोबर रद्द झाली असें कोण म्हणेल? तेव्हां नोंद कोणाच्या हातीं आहे व कोणासाठीं आहे हा प्रश्न नेहमीं विचारावा. दार उघडणारी नोंद एका प्रकारची, आणि पाळत ठेवणारी दुसऱ्या प्रकारची. न्यूयॉर्क शहराला हें उमगलें, व त्यानें ओळखपत्राच्या अर्जासोबतच्या कागदांच्या नकला ठेवणें पुढें बंद केलें. जी यादी आपण जपत नाहीं ती कोणी हिसकावूं शकत नाहीं.

आतां दुसऱ्या देशांतून आलेल्यांविषयीं. आपल्या मुलुखाला हा अनुभव नवा नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत रशियानें आपल्या घरांतून उचलून सैबेरियाकडे नेलेले पोलिश लोक सुटल्यावर इराणमार्गें हिंदुस्थानांत आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं १९४२ सालीं बालाचडी येथें त्यांच्या अनाथ मुलांस जागा दिली. युद्धानंतर त्या मुलांस सक्तीनें परत पाठविलें जाऊं नये म्हणून महाराज, छावणीचे पोलिश धर्मगुरु व एक ब्रिटिश अधिकारी यांनीं मिळून कागदोपत्रीं त्यांचें पालकत्व घेतलें. कागदानें आश्रय कसा द्यावा याचें याहून सुंदर उदाहरण आम्हांस माहीत नाहीं. आणि आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडें येथें १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें पांच हजार पोलिश लोक राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलें. तेथें त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, मिस्सा होत होती. कोल्हापूरच्या बाजारांत त्यांना कोणी दूध विकलें, कोणी भाजी विकली. त्यांची भाषा कोणाला येत नव्हती, पण त्यांची भूक सर्वांना कळत होती.

याच्या उलट बाजूहि सांगितली पाहिजे. जून २०२५ मध्यें महाराष्ट्रांत मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या कांहीं माणसांस बांगलादेशी समजून धरण्यांत आलें, सीमेपलीकडे ढकलण्यांत आलें, आणि तीं भारतीय असल्याची खातरजमा झाल्यावर परत आणण्यांत आलें. परदेशी मनुष्य चोरून येत असेल तर त्याची चौकशी करणें हें सरकारचें काम आहे, आणि त्यास आमचा विरोध नाहीं. पण चौकशी आधीं व्हावी आणि शिक्षा मागाहून. ज्याची बोली वेगळी, ज्याचें नांव वेगळें, त्याचा कागद खोटाच असावयाचा असें मानून चालल्यास उद्यां आपलीं मुलें परप्रांतीं गेल्यावर त्यांच्याही कागदावर कोणी विश्वास ठेवणार नाहीं.

आश्रय या शब्दाविषयीं येथें एक गैरसमज दूर करावासा वाटतो. आश्रय म्हणजे कायद्यापासून लपविणें असें पुष्कळांस वाटतें. जुन्या करारांत इस्राएल लोकांस सहा आश्रयाचीं नगरें नेमून दिलीं होतीं: केदेश, शखेम, हेब्रोन, बेसेर, रामोथ व गोलान. ज्याच्या हातून नकळत मनुष्यवध झाला असेल त्यानें तेथें धांव घ्यावी, असा नियम होता. पण तेथें पोहोंचला म्हणजे तो सुटला असें नव्हे. मंडळीपुढें त्याचा न्याय व्हावा एवढ्यासाठीं सूड घेणाऱ्याचा हात तेथें थांबविला जाई. आणि हीं नगरें स्वकीयांप्रमाणेंच परदेशीयांसाठींहि होतीं, हें त्या ग्रंथांत आवर्जून सांगितलें आहे. म्हणजे आश्रय हें न्यायापासून पळण्याचें ठिकाण नसून न्याय मिळेपर्यंत उभें राहण्याची जागा होय. या अर्थानें प्रत्येक गांव आश्रयाचें गांव होऊं शकतें, व त्यासाठीं कोणताहि कायदा मोडावा लागत नाहीं.

कोणी म्हणेल, 'फादर, हे लोक पांच महिन्यांचे पाहुणे; येतात व जातात. त्यांचें ओझें आपण कां घ्यावें?' आमचें उत्तर असें कीं, त्यांचें ओझें आपण घेतलेलें नाहीं. आपलेंच ओझें त्यांनीं घेतलें आहे. आपल्या उंसाची मोळी त्यांच्या डोक्यावर आहे. दुसरा म्हणेल, 'त्यांच्यांत चोर असतात.' असतीलहि, जसे आपल्यांत आहेत. पण ज्याचें नांव, गांव व मुलेंबाळें आपणांस ठाऊक आहेत त्याच्यापासून भय कमी असतें. भय अनोळखी माणसाचें वाटतें, आणि अनोळखीपण घालविणें आपल्या हातीं आहे. तिसरा म्हणेल, 'हें सरकारचें काम.' खरें, परंतु सरकारी नियम आपल्या पायांनीं कोपीपर्यंत चालत जात नाहीं. आणि आपणांपैकीं कितीएकांचीं मुलें आज पुणें, पिंपरी, मुंबई व आखाती देश येथें आहेत! तेथें भाड्याची खोली मागतांना, गॅस मागतांना, परवान्याची मुदत संपतांना त्यांच्यावर काय प्रसंग येतात तें त्यांच्या आईबापांस विचारावें.

तर मग या धर्मग्रामानें काय करावें? मोठ्या योजना आम्ही सांगत नाहीं; पांच साध्या गोष्टी सांगतों.

पहिली, जन्माची नोंद. कोपींत वा येथील दवाखान्यांत मूल जन्मलें तर त्याची नोंद १९६९ च्या कायद्याप्रमाणें जेथें जन्म झाला तेथेंच व्हावयाची, आईबापांच्या मूळ गांवीं नव्हे. आणि २१ दिवसांच्या आंत ती विनाशुल्क होते. वर्ष उलटून गेलें तर दंडाधिकाऱ्याच्या हुकमावांचून होत नाहीं. त्या कायद्यांत २०२३ सालीं दुरुस्ती झाली, व १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलास शाळाप्रवेश, मतदारयादी, आधार अशा अनेक कामीं जन्मदाखला हाच मुख्य पुरावा झाला आहे. टोळी हंगाम संपतांच निघून जाते, आणि नोंद राहिली तर तें मूल जन्मभर आपला जन्म सिद्ध करीत फिरेल. आपल्या स्त्रीमंडळानें एवढें एकच काम हातीं घेतलें तरी या महोत्सवाचें सार्थक होईल.

दुसरी, धान्य. हंगामाच्या आरंभीं आपल्यांतील दोन-तीन शिकल्या मुलांनीं अड्ड्यावर जावें, शिधापत्रिकेचे क्रमांक पाहावे, आणि दुकानापर्यंत सोबत जावें. अंगठा उमटला नाहीं तर दुसरी रीत विचारून घ्यावी, व माणसाला रिकाम्या हातीं परत पाठवूं देऊं नये.

तिसरी, शाळा. कोणतेंहि मूल दाखल्यावांचून परत गेलें असें कळलें तर कायदा काय म्हणतो तें शिक्षकांस नम्रपणें दाखवावें. भांडणानें दार एकदां उघडतें, सलोख्यानें तें उघडें राहतें.

चौथी, विश्वास. मदत करतांना कोणाच्या आधाराची नक्कल आपल्यापाशीं ठेवूं नये. काम झालें कीं कागद ज्याचा त्याला परत द्यावा. कोण कोणत्या धर्माचा हें विचारूं नये, आणि मदतीच्या मोबदल्यांत कोणाकडून कांहींहि अपेक्षूं नये. जो मदत करतां करतां आपल्या पंथाची भरती करूं पाहतो तो मदतीचाहि अपमान करतो व पंथाचाहि.

पांचवी, नांव. 'ए कोयता', 'ए बिहारी' अशी हांक आपल्या तोंडीं नसावी. वयानें मोठा असेल त्याला दादा म्हणावें, काका म्हणावें, बाईला ताई म्हणावें, मावशी म्हणावें. याला कोणत्याही कार्यालयाचा शिक्का लागत नाहीं, व ओळखपत्रांतील पहिली ओळ तीच आहे.

आपल्या प्रभूचा जन्म कोठें झाला हें आठवावें. बादशहाच्या हुकमानें नांवनिशी चालली होती, आणि तेवढ्यासाठीं संत योसेफ गर्भवती पवित्र मरियेला घेऊन बेथलेहेमास गेले. तेथें उतरावयास जागा मिळाली नाहीं. नोंद करणारें खातें जागें होतें, पण दार उघडणारें घर मिळालें नाहीं. पुढें त्याच कुटुंबाला रातोरात मिसर देशांत पळावें लागलें. मिसरांतील कोणत्या घरानें त्यांना आसरा दिला तें शुभवर्तमानांत लिहिलेलें नाहीं. परंतु कोणीतरी दिला, म्हणून तें बालक वांचलें.

या मंदिराच्या बाप्तिस्मावहींत पन्नास वर्षांचीं नांवें आहेत. त्या वहीचा अभिमान आपणांस आहे व तो योग्य आहे. पुढील दसऱ्याला पुन्हां टोळ्या येतील. त्यांच्यासाठीं मंदिराच्या बाहेरच्या पडवींत एक मेज व दोन खुर्च्या ठेवण्याची परवानगी आम्हीं दिली आहे. खुर्चीवर बसणारीं माणसें आपणांतून हवीं आहेत. ज्यांची इच्छा असेल त्यांनीं येत्या रविवारीं मिस्सा झाल्यावर आपलें नांव सांगावें. प्रभु आपणां सर्वांवर कृपा करो, आणि आपल्या दारावरून जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आपल्या गांवांत सुखरूप ठेवो.